सतरा नंबरची जागा

ही गोष्ट खरी आहे. पटो न पटो.

मला ती माझ्या मोठ्या मावशीने सांगितली. मावशी थापा मारणारी बाई नव्हती. उपाशी असताना पाहुण्यांसमोर "माझं जेवण झालंय" एवढं म्हणायची वेळ आली, तरी तिचे कान लाल व्हायचे. ही गोष्ट तिने मला तीनदा सांगितली. तिन्ही वेळा शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की आपल्याला रात्र हवी असते. वारा हवा, लांब कुठेतरी कुत्रं रडायला हवं.

इथे त्यातलं काहीच नव्हतं.

भर दुपार होती. मंगळवार. घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं.

लढाईचं दुसरं वर्ष चालू होतं.

आणि जागा होती मावशीच्या चार मजली इमारतीचं तळघर.

तेव्हा मावशी तिशीच्या आत होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. घरात ती आणि तिच्या सासूबाई. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या काकांचं, खाली रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण काकांना लढाईवर बोलावणं आलं आणि दुकानाला कुलूप लागलं. मावशी घरी पायमशीनवर सैन्यासाठी पिशव्या शिवायची. जाड, खाकी, सुया मोडणारं कापड. दिवसभर मशीनची खडखड. सासूबाई शेजारी बसून पट्ट्यांना बक्कल लावायच्या.

खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. दिव्याला काळी टोपी. हे सगळं इतकं सवयीचं झालं होतं की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं.

भोंग्याची मात्र सवय झाली नाही.

भोंगा वाजला की सगळी इमारत जिना उतरून तळघरात. लोखंडी दार बंद. त्याच क्षणी शहराची वीज बंद व्हायची. मग असा काळोख, की स्वतःचा हात दिसू नये.

तळघराची जबाबदारी पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांकडे होती. शाळामास्तर नव्हेत, स्टेशनमास्तर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण अंगातलं स्टेशन गेलं नव्हतं. जेवायलासुद्धा वेळापत्रकाने बसायचे. त्यांनी इमारतीतल्या सव्वीस माणसांना नंबर दिले होते. बाकावर त्याच क्रमाने बसायचं आणि अंधारात आपापला नंबर मोठ्याने सांगायचा.

"कुणी वर राहिलं असेल तर लगेच कळायला हवं," मास्तर म्हणायचे.

एक. दोन. तीन.

काकांचा नंबर सतरा. मावशीचा अठरा. सासूबाईंचा एकोणीस.

मग पुरुष एकेक करून लढाईवर गेले. इमारतीतून तीन. इस्त्रीवाल्या काकूंचा मुलगा, नंबर सात. वरच्या मजल्यावरचा कंपाउंडर, नंबर बारा. आणि आमचे काका.

कुणीतरी म्हणालं, "मास्तर, आता नंबर नव्याने द्या ना. तेवीसच माणसं उरलीत."

मास्तर भडकले. "आणि ती तिघं परत आली की पुन्हा बदलू? परतीचं तिकीट काढून गेलीत, कायमची नाही!"

त्यावर सगळे हसले. सगळ्यांना बरंही वाटलं.

नंबर तसेच राहिले. बाकावर तीन माणसांच्या जागा मोकळ्या राहिल्या. रिकामा नंबर आला की मास्तर काठी फरशीवर एकदा आपटायचे आणि पुढे जायचे.

पाच. सहा. ठक. आठ.

असे सहा महिने गेले.

आणि तो मंगळवार आला.

भोंगा झाला. सगळे खाली. दार बंद. काळोख. मास्तरांनी हजेरी सुरू केली.

"चार."

"पाच."

"सहा."

आता काठी वाजणार...

"सात."

मावशी सांगायची, आवाज अगदी साधा होता. घोगरा नाही, लांबून आलेला नाही. पोरगा नेहमी जसा म्हणायचा तसाच, जरा कंटाळलेला.

इस्त्रीवाल्या काकू किंचाळल्या, "आला! माझा पोरगा आला! अरे, कळवलं का नाहीस?"

लोक आनंदाने बोलायला लागले. कुणी टाळ्या वाजवल्या. काकू बाकावर हात फिरवत होत्या. "कुठे आहेस? हात दे ना! मेल्या, आता तरी चेष्टा पुरे कर..."

मास्तरांनी बॅटरी लावली.

सहा आणि आठच्या मध्ये बाक रिकामा होता.

दाराला आतून कडी होती.

मास्तरांनी खिशातली डायरी काढून वेळ लिहिली. तीन वीस. सवयीचा माणूस, गाडी चुकली तरी आधी वेळ लिहिणारा.

नवव्या दिवशी तार आली. तारवाला जिना चढताना आपल्याच मजल्यावर थांबू नये म्हणून प्रत्येक घरातली बाई श्वास रोखून उभी असायची. त्या दिवशी तो दुसऱ्या मजल्यावर थांबला. खालून वर कपड्यांच्या वाफेचा वास येत होता. मग थोड्या वेळाने कापड जळल्याचा वास यायला लागला. काकू इस्त्री तशीच ठेवून दारात बसल्या होत्या.

तारेत मंगळवारचीच तारीख होती. पुढे त्याच्या अधिकाऱ्याचं पत्र आलं. दुपारी सव्वातीनच्या सुमारास, असं त्यात लिहिलं होतं.

मास्तरांनी डायरी कुणाला दाखवली नाही. दाखवायची गरजच नव्हती.

तुम्हाला वाटेल, आता त्या बाईने तळघरात पाऊल टाकलं नसेल.

उलटं झालं.

पुढचा भोंगा झाला तेव्हा काकू सगळ्यांच्या आधी खाली गेल्या. केस विंचरून, धुतलेलं नेसून. हजेरी सुरू झाली. सहा झाले.

"सात."

पुन्हा तोच आवाज.

काकूंनी एक मोठा श्वास सोडला. रडल्या नाहीत. मावशीला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. "जेवलास का रे?"

आवाज फक्त नंबर सांगायचा. बाकी काही नाही.

तेव्हापासून दर भोंग्याला सात नंबर हजर. काकूंच्या चेहऱ्यावर भोंग्याची भीती दिसेनाशी झाली. आठवडाभर भोंगा झाला नाही तर त्या बेचैन व्हायच्या. गच्चीवर जाऊन आकाशाकडे बघत बसायच्या... विमानं येतात का ते.

मावशी म्हणायची, मला त्या आवाजापेक्षा काकूंची जास्त भीती वाटायची.

आता बाकीच्या दोघींचा जीव टांगणीला लागला. कंपाउंडरची बायको आणि मावशी. हजेरी अकरापर्यंत आली की एक बाकाची कड घट्ट धरायची. सोळापर्यंत आली की दुसरी. ठक ऐकू आलं की सुटल्यासारखं व्हायचं. पुढच्या भोंग्यापर्यंत.

एके दिवशी जिन्यात कंपाउंडरच्या बायकोने मास्तरांना अडवलं.

"मास्तर, हात जोडते. हजेरी बंद करा."

"वहिनी, कुणी वर राहिलं तर?"

"राहू दे! मला बारा नंबर ऐकायचा नाही. तुम्ही विचारलंच नाही, तर तो येणार नाही."

मास्तर मावशीकडे बघायला लागले. मावशीने मान खाली घातली. तिलाही तेच हवं होतं.

मास्तर कबूल झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला.

पुढच्या भोंग्याला सगळे गुपचूप बसले. हजेरी नाही. बोलणं नाही. वर कुठेतरी लांब धडधड चालली होती. छतातून माती गळत होती.

बराच वेळ गेला...

"सात."

आपोआप. कुणी न विचारता.

मावशी मनात मोजायला लागली, तिला थांबताच येईना. आठ... नऊ... दहा... अकरा...

"बारा."

कंपाउंडरची बायको ओरडली नाही. "नाही," एवढंच म्हणाली. हळू. जसं आपण दारावर आलेल्या फेरीवाल्याला म्हणतो.

तार सहा दिवसांनी आली. ती दोन ट्रंका घेऊन माहेरी निघून गेली. जाताना मावशीला म्हणाली, "तू पण जा. इथे थांबू नकोस."

मावशी कुठे जाणार? माहेरचं गाव लढाईच्या रेषेपलीकडे गेलं होतं. आणि काकांची पत्रं याच पत्त्यावर यायची.

यायची म्हणजे, तोवर येत होती. मग तीही थांबली.

एक महिना झाला. दीड महिना झाला.

हजेरी पुन्हा सुरू झाली होती, कारण न घेऊन काही फायदा नव्हता. आणि मावशीच्या डोक्यात एक विचार आला. वेडा विचार. पण माणूस बुडताना काहीही धरतो.

यांचा नंबर रिकामा आहे म्हणून तर आवाज येईल. रिकामा ठेवलाच नाही तर?

पुढच्या भोंग्याला सोळा नंबर झाला आणि मास्तरांची काठी खाली यायच्या आत ती ओरडली...

"सतरा!"

आणि लगेच, "अठरा."

काठी हवेतच राहिली.

"एकाच तोंडातून दोन नंबर?" मास्तर म्हणाले.

"एक माझा. एक यांचा."

त्या दिवसापासून सतराला काठी आपटणं मास्तरांनी बंद केलं.

मावशी थोडी सरकून, अर्धी काकांच्या जागेवर बसायला लागली. सात भोंगे झाले. सातही वेळा तिने काकांची हजेरी लावली. सासूबाई वर आल्यावर तिच्यासाठी चहा ठेवायच्या. एरवी हे काम मावशीचं होतं.

आठवा भोंगा शुक्रवारी झाला. दुपारचे पावणेदोन. मशीनवर पिशवी अर्धी शिवलेली. मावशी बोटातलं शिवणाचं अंगुस्तान न काढताच धावली.

हजेरी सुरू झाली. सात नंबर नेहमीसारखा. बारा नंबर नेहमीसारखा.

"सोळा."

"सतरा!" मावशी म्हणाली.

तिने श्वास घेतला. अठरा म्हणायला तोंड उघडलं...

कुणीतरी घसा खाकरला.

अगदी जवळ. तिच्या उजव्या कानाशी.

काकांना बोलण्याआधी घसा खाकरायची सवय होती. लग्नाला होकार देतानाही खाकरले होते. मावशी त्यावरून त्यांना चिडवायची, "तुमचा रेडिओ आधी खरखरतो, मग बोलतो."

"अठरा," काका म्हणाले.

तिचं तोंड उघडंच राहिलं. अंधारात हात पुढे करावा असं वाटत होतं आणि हात उचलवत नव्हता. उजवीकडे बाक थंड होता, एवढं तिला मांडीला जाणवलं.

"पुढे!" मास्तरांचा आवाज कापरा झाला होता. "एकोणीस? एकोणीस नंबर?"

मग अंधारातून सासूबाईंचा आवाज आला. त्या नंबर सांगत नव्हत्या. त्या मावशीला विचारत होत्या.

"अगं... तो अठरा का म्हणाला?"

त्यांनी चाचपडत मावशीचा दंड धरला.

"त्याचा तर सतरा ना? अठरा का म्हणाला तो?"

"आई, सतरा मी घेतला होता."

सुटकेचा भोंगा होईपर्यंत दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. बाहेर आल्यावर उन्हात सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. रागाने नाही. तेच मावशीला जास्त लागलं.

"पोरगं आलं आणि त्याला बसायला जागा नव्हती," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी त्याची जागा मोकळी ठेव, सूनबाई."

पुढच्या वेळी मावशी सासूबाईंकडे सरकून बसली. बाकावर एका माणसाची पुरेपूर जागा सोडली. सोळा झाले. ती गप्प राहिली. इतके दिवस जो आवाज येऊ नये म्हणून ती ओरडत होती, तोच यावा म्हणून ती आता जीव कानात आणून बसली.

मास्तर थांबले. बराच वेळ थांबले.

काही नाही.

ठक.

त्याच्या पुढच्या वेळीही काही नाही. त्याच्याही पुढच्या वेळी नाही. घसा खाकरल्याचा आवाजसुद्धा नाही. सात यायचा, बारा यायचा. सतरा कधीच आला नाही.

तार मात्र आली, तीन आठवड्यांनी. मावशीने ती जिन्यातच फोडली. मजकूर दोन ओळींचा होता. त्याच शुक्रवारपासून बेपत्ता. अधिक माहिती मिळताच कळवू.

मेला असं नाही. जिवंत असंही नाही.

मावशीने तार सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितली. मग पुन्हा.

"म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे त्यांनाही माहीत नाही, आई."

अधिक माहिती कधीच आली नाही.

मावशी सरकारी कचेरीत गेली. रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनाने यादी पाहिली, मान हलवली. दुसऱ्या कचेरीत पाठवलं. तिथल्या खिडकीतही तशीच यादी, तशीच मान. जखमींच्या इस्पितळात ती एकेका खाटेपाशी जाऊन आली. एका सैनिकाने तिला "ताई, माझ्या घरी कळवाल का?" म्हणून पत्ता दिला. तिने कळवलं. तिला कळवणारं कुणी नव्हतं.

घरात एक विचित्र भांडण सुरू झालं. आवाज न करता चालणारं. सासूबाई म्हणायच्या, "तो गेला. माझ्या कानांनी ऐकलंय मी." मावशी म्हणायची, "त्यांनी स्वतःचा नंबर नाही सांगितला. सात आणि बाराने आपापला सांगितला. यांनी नाही." दोघी एकमेकींना हेच सांगत पिशव्या शिवत राहिल्या.

लढाई संपली ती एका सकाळी.

रेडिओवर बातमी आली आणि लोक रस्त्यावर धावले. खिडक्यांवरच्या कागदाच्या पट्ट्या नखांनी ओरबाडून काढत होते. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. कुणीतरी बादली उलटी करून बडवत होतं.

मावशी खाली उतरली तेव्हा इस्त्रीवाल्या काकू तळघराच्या पायरीवर बसल्या होत्या. मास्तर समोर उभे.

"आता भोंगा नाही होणार?" काकू विचारत होत्या.

"नाही हो. सुटलो आपण."

"कधीच नाही?"

मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं, त्या काय विचारताहेत.

"एकदाच घ्या ना हजेरी," काकू म्हणाल्या. "शेवटची. दिवा मालवून."

मास्तर रस्त्यावर गेले आणि इमारतीतल्या एकेकाला दंडाला धरून घेऊन आले. कुणाच्या केसांत रंगीत कागद, कुणी अजून हसतंय. सगळे आपापल्या जागी बसले. दार लावलं, दिवा मालवला. बाहेर बादली वाजतच होती.

"चार."

"पाच."

"सहा."

मास्तर थांबले.

काकूंचा श्वास ऐकू येत होता.

काही नाही.

"बाळा..." काकू म्हणाल्या. "नंबर सांग ना."

काही नाही. मास्तरांना काठी आपटवेना. शेवटी आठ नंबरवाल्याने घाबरत आपला नंबर सांगितला, तेव्हा हजेरी पुढे सरकली. बारा... काही नाही. सतरा... काही नाही.

दार उघडलं तेव्हा काकूंना दोघांनी उचलून वर आणलं. सगळं शहर नाचत होतं, आणि मावशीच्या इमारतीसमोर एक बाई लढाई संपली म्हणून ऊर बडवत होती.

मावशीने ती जागा सोडली नाही. लोक म्हणाले, दुसरीकडे जा, दुसरं लग्न कर. ती म्हणायची, "पत्ता बदलला तर त्यांना सापडायचा नाही."

बावीस वर्षं गेली. मास्तर वारले. इमारतीचा पाया खचायला लागला. तळघरात पाणी झिरपायचं. इंजिनिअर येऊन बघून गेला आणि म्हणाला, तळघर काँक्रीट ओतून कायमचं बुजवावं लागेल, नाहीतर सगळी इमारत बसेल.

ज्या दिवशी काम होतं त्या दिवशी तिघी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मावशी, काठी टेकत सासूबाई आणि इस्त्रीवाल्या काकू. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

मिक्सर घरघरत होता. पत्र्याचा पन्हळ तळघराच्या दारातून आत सोडलेला. मुकादम धांदरट नव्हता, कामाचा माणूस होता. ओतायच्या आधी तो चार पायऱ्या उतरला, आत बॅटरी फिरवली आणि मोठ्याने ओरडला,

"खाली कुणी आहे का?"

आवाज घुमून परत आला.

तो वर आला. तिघींना बघून हसला. म्हाताऱ्या बायका गंमत बघायला आल्यात, असं त्याला वाटलं असावं.

"काय आजी, खाली कुणी राहिलं नाही ना? नंतर सांगू नका हं!"

सासूबाई मावशीकडे बघत राहिल्या. मावशी काकूंकडे. काकूंचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही.

मुकादमाने क्षणभर वाट पाहिली. मग हात वर केला.

"टाका रे!"

इथे आलं की मावशी नेहमी थांबायची. तिसऱ्यांदा तिने सांगितलं तेव्हा मी मोठी झाले होते. मला राहवलं नाही.

"मावशी, तू काहीच कसं बोलली नाहीस?"

"काय बोलणार होते गं?" ती म्हणाली. "नाही म्हणू... की हो म्हणू?"

मावशी आता नाही. ती इमारत अजून आहे. भक्कम उभी आहे, नवा रंग दिलाय. आत राहणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नाही.

मला त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी पलीकडच्या बाजूने जाते. घाबरते म्हणून नाही.

तिथून जाताना मला उगाच वाटतं... आत्ता कुणीतरी मला विचारेल, खाली कुणी आहे का, आणि मलाही उत्तर देता येणार नाही.